जाळीखालून पंढरपूरपर्यंत

मृग लागला की पुणेकर दोघांची वाट पाहतात, पहिल्या पावसाची आणि पालख्यांची. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून आणि माउलींची आळंदीहून निघते. एक नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते, दुसरी भवानी पेठेतल्या पालखी विठोबापाशी. ते दोन दिवस शहर वारकऱ्यांचे असते. कोणी पंगती घालतो, कोणी तुटलेल्या वहाणा शिवून देतो, कोणी सुजलेले पाय चेपतो. ही सेवा मनापासून होते. म्हणूनच याच दिवसांत पुण्याने पंढरपूरच्या वाटेला लावलेल्या आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवे. ती गोष्ट म्हणजे आपल्या रस्त्यांवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी.

या पाण्याची वाट सरळ आहे. गल्लीतले पाणी रस्त्याच्या कडेच्या जाळीत शिरते, तिथून ओढ्यात, ओढ्यातून मुठेत किंवा मुळेत. संगमापुढे मुळा-मुठा होते, रांजणगाव सांडसजवळ ती भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात येते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. वारीच्या स्नानासाठी नदीत पाणी हवे म्हणून धरणातून ते अनेकदा सोडलेही जाते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. पुण्यात ज्यांचे पाय आपण धुतो, ते वारकरी पुढे ज्या पाण्यात उभे राहतात, त्यात आपल्या गल्लीचे पाणी मिसळलेले असते.

जाळीत गेलेले पाणी पुढे कुठेतरी शुद्ध होत असेल, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. संडास-मोरीचे पाणी मैलावाहिनीतून शुद्धीकरण प्रकल्पाकडे जावे, अशी व्यवस्था असते. पावसाळी गटार मात्र वेगळे असते. रस्त्यावर पाणी तुंबू नये, एवढेच त्याचे काम. ते जवळच्या ओढ्यात उघडते आणि वाटेत ना चाळण असते ना टाकी. रस्त्यावर जे असेल, ते जसेच्या तसे नदीत जाते.

रस्त्यावर काय असते? उन्हाळाभर साचलेली धूळ, टायर झिजून पडलेला चुरा, ब्रेकच्या पट्ट्यांची भुकटी, पार्किंगमधल्या गाड्यांखालचे ऑइलचे डाग, कुत्र्यांची विष्ठा, गुटख्याच्या पुड्या, कुजलेला पालापाचोळा. पावसाळा सुरू झाल्यावर पहिल्या मोठ्या सरीला जाळीपाशी क्षणभर उभे राहून पाहावे. पाणी काळपट असते, वर तेलाचा सप्तरंगी तवंग आणि कडेला मळकट फेस. पुढच्या सरींना ते बरेच निवळते, कारण महिनोन्महिने साठलेली घाण पहिल्या अर्ध्या-एक तासातच धुऊन निघालेली असते. जूनमध्ये खडकवासला धरण अजून भरायचे असते, त्यामुळे बहुतेक वर्षी शहरातल्या मुठेत वरून पाणी येत नाही. म्हणजे ही सगळी घाण पातळ करायलाही नदीत पाणी नसते. सडणारा कचरा पाण्यातला प्राणवायू खातो. साबण, खत आणि विष्ठेतले नत्र-स्फुरद पुढे उजनीत शेवाळ आणि जलपर्णी पोसते. उजनीच्या हिरव्या पाण्याची तक्रार इंदापूर-करमाळ्याकडची माणसे वर्षानुवर्षे करत आली आहेत. ती खरी आहे.

नदीच्या दुखण्याचे मोठे कारण प्रक्रिया न होता सोडले जाणारे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी हेच आहे. ती जबाबदारी महापालिकेची, उद्योगांची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे. त्यांना तिच्यातून मोकळे करण्याचे काही कारण नाही. पण शुद्धीकरणाचे प्रकल्प उद्या पूर्ण क्षमतेने चालू लागले, तरी रस्त्यावरून धुऊन जाणारे पाणी त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. ते अडवण्याची जागा एकच, आपले दार आणि त्यासमोरची जाळी.

सकाळी कोणत्याही सोसायटीसमोर दिसणारे दृश्य घ्या. अंगण झाडून झाले की खराट्याच्या शेवटच्या फटकाऱ्याने पाला आणि माती जाळीत लोटली जाते. झाडणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. समोर कचरा दिसता कामा नये, एवढीच सूचना त्याला मिळालेली असते. ‘जाळीत काही लोटायचे नाही, पाला भरून खताच्या खड्ड्यात टाकायचा’ ही सूचना सोसायटीच्या कमिटीने द्यायची आहे, आणि खड्डाही तिनेच करून द्यायचा आहे. रंगारी ब्रश आणि डबे कुठे धुतात, फरशीचे काम झाल्यावर सिमेंटचे पाणी कुठे ओतले जाते, हे घरमालकाने पाहायला हवे. ऑइल सांडले तर पाण्याचा पाइप लावू नये. त्यावर भुसा किंवा माती टाकून ती उचलावी. गाडी बादलीभर पाण्यात पुसून होते, आणि तेही मातीवर उभी करून. कुत्रा फिरवायला नेणाऱ्याने कागद आणि पिशवी बरोबर न्यावी. कचरा रस्त्यावर, गटारात किंवा पाण्यात टाकायला 2016च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली होती. राडारोड्याचे नियमही त्याच वर्षी आले. तरीही वाळू-खडीचे ढीग ताडपत्रीशिवाय रस्त्याच्या कडेला पडलेले असतात आणि पहिल्या सरीबरोबर ओढ्यात उतरतात.

नालेसफाईतही हाच प्रकार होतो. उपसलेला गाळ ओढ्याच्या काठावरच वाळत ठेवला, तर पाऊस तो पुन्हा आत नेतो. असा ढीग दिसला की क्षेत्रीय कार्यालयाकडे फोटोसह तक्रार करावी, आणि तो उचलला जाईपर्यंत पाठपुरावा करावा. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याने काठावरची घरे आणि माणसे ओढून नेली. त्या रात्रीनंतर ओढा म्हणजे मोकळी कचराकुंडी नव्हे, हे पुण्याला वेगळे सांगावे लागू नये.

अंगणाचाही विचार व्हावा. सोसायट्यांनी पार्किंगपासून कुंपणापर्यंत सगळे सिमेंटने लिंपून टाकले आहे. पाणी मुरायला जागा नसली की ते घाण घेऊन धावत सुटते. कुंपणालगत दोन फूट माती उघडी ठेवली, गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलशेजारी मुरवले, तर रस्त्यावर येणारे पाणी कमी होते आणि बोअरलाही मदत होते.

सगळ्यात दुर्लक्षित दोष भिंतीतल्या पाइपांचा आहे. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवले जाते आणि त्याचा पाइप जवळच्या आउटलेटमध्ये सोडला जातो. ते आउटलेट अनेक इमारतींत पावसाच्या पाइपला जोडलेले असते. मग रोजचे साबणाचे पाणी बारा महिने थेट ओढ्यात जाते, आणि त्या घरातल्या कोणालाही त्याची कल्पना नसते.

हे तपासणे अवघड नाही. चार दिवस पाऊस झालेला नसेल अशा सकाळी, कपडे धुण्याच्या वेळी, प्लंबरकडून आवारातल्या पावसाळी चेंबरचे झाकण उघडून घ्या. आत कोणालाही उतरवू नका. त्यात जिवाला धोका आहे. वरूनच पाहा. कोरड्या दिवशी त्यात पाणी वाहताना दिसले, तर कोणत्या तरी घराची जोडणी चुकली आहे. ती मैलावाहिनीकडे वळवून घ्या. पालख्या शहरात येण्याआधी प्रत्येक सोसायटीने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.