चित्रांचा बाजार आणि गिऱ्हाइकांची वही

यशवंतपूर हे नाव महाराष्ट्रातील पुष्कळ प्रवाशांना आगगाडीच्या पाटीवरून परिचित असते. बंगळूरच्या या उपनगरात बाजार समितीचे मोठे आवार असून तेथे कांद्याचा मोठा व्यापार चालतो. कांद्याला बाजार आहे. परंतु त्याच वस्तीत भाड्याच्या खोलीत बसून जो चित्रे रंगवितो, त्याने आपला माल कोठे न्यावा? कलादालनात भिंत मिळालीच, तर तिचे भाडे भरावे लागते किंवा विक्रीच्या रकमेचा तिसरा हिस्सा, क्वचित निम्मा, सोडून द्यावा लागतो. नवख्या कलावंताला हे परवडत नाही, आणि चित्रे पलंगाखाली गुंडाळलेली राहतात.

यावर त्या नगरीने एक सुंदर तोड काढली आहे. १९६० साली स्थापन झालेली कर्नाटक चित्रकला परिषद २००३ पासून ‘चित्रसंते’ भरवीत आली आहे. संते म्हणजे कन्नडमध्ये आठवड्याचा बाजार. प्रायः जानेवारीच्या पहिल्या रविवारी कुमारकृपा मार्ग वाहनांना बंद होतो आणि दुतर्फा शेकडो कलावंत आपली चित्रे मांडून बसतात. शंभर रुपयांचे रेखाचित्र आणि लाखाचे तैलचित्र एकाच रस्त्यावर! दालनाची पायरी चढण्यास संकोचणारे कुटुंब येथे मुलांसह हिंडते, भाव विचारते आणि एखादे चित्र काखेत मारून घरी जाते. यशवंतपूरचा चित्रकार मेट्रोने मॅजेस्टिक गाठून तेथे पोहोचू शकतो.

परंतु हा बाजार एका दिवसाचा. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय? २०२१ साली महासाथीमुळे चित्रसंतेच इंटरनेटवर भरवावी लागली, तेव्हा रस्त्यावाचूनही चित्र दाखविता येते हे अनेकांच्या ध्यानी आले.

चित्र घरोघर पोहोचविण्याची ही धडपड नवी नाही. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ साली राजा रविवर्मा यांना आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढवून घेण्याचा सल्ला दिला होता. पुढे १८९४ मध्ये रविवर्मांनी मुंबईत छापखाना घातला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत लागली, छापखाना मात्र तोट्यात जाऊन विकावा लागला. कीर्ती आणि प्राप्ती या सख्ख्या बहिणी नव्हेत, हे इन्स्टाग्रामवर ‘लाइक’ मोजणाऱ्या आजच्या कलावंतासही ठाऊक असावे. तेथील हजारो अनुयायी त्या कंपनीच्या दारात उभे आहेत, आपल्या नव्हे. तिने नियम बदलला की आपले चित्र त्यांना दिसेनासे होते.

म्हणून आमचे मत असे, की जाहिरातीवर रुपया खर्च करण्यापूर्वी एक वही घालावी. संतेत जो थांबला, ज्याने दोन प्रश्न विचारले, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्याच्या संमतीने लिहून घ्यावा. कोणते चित्र आवडले तेही टिपावे. आपला क्रमांक त्याच्या यंत्रात तेथल्या तेथे जतन करवावा. व्हॉट्सॲपवरून एकाच वेळी अनेकांना धाडलेला संदेश आपला क्रमांक जतन करणाऱ्यांनाच पोहोचतो; ही बारीकशी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची सचित्र यादी विनामूल्य मांडता येते. महिन्यातून एकदा एखादे नवे चित्र पाठवावे. रोज पाठविल्यास लोक कंटाळतात, आणि ते स्वाभाविकच आहे.

छायाचित्र खिडकीच्या उजेडात, काच काढून, फ्लॅशवाचून घ्यावे. दुसरे एक खुर्चीशेजारी टांगून घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. खाली माध्यम, लांबी-रुंदी, साल, टपालखर्च आणि किंमत स्पष्ट लिहावी. ‘किंमत खासगीत विचारा’ हा प्रकार आम्हास मुळीच रुचत नाही. मध्यमवर्गीय गृहिणी विचारीत नाही, निघून जाते. चित्रसंतेत माणसे धीटपणे विकत घेतात, याचे श्रेय निम्मे तरी उघड भावाला आहे. मूळ चित्र न परवडणाऱ्यांसाठी स्वाक्षरी केलेल्या छोट्या छापील प्रती ठेवाव्यात.

पैसे यूपीआयने घ्यावेत. मात्र अनोळखी गिऱ्हाईक चित्र न पाहताच होकार देऊन ‘पैसे पाठविले आहेत, पिन टाका’ म्हणू लागला तर व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. रक्कम खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहिल्यावरच चित्र टपालात टाकावे. कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून, मऊ कागदासह जाड नळीवर गुंडाळावा. परराज्यांत विक्री सुरू करण्याआधी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीविषयी जाणकारास विचारावे.

पावतीवर आणखी एक ओळ असावी. १९५७ च्या कायद्यानुसार केवळ चित्र विकल्याने त्याचा स्वामित्वहक्क विकला जात नाही. गिऱ्हाइकाने ते भिंतीवर लावावे, पण दिनदर्शिकेवर छापण्यासाठी चित्रकाराची लेखी अनुमती हवी. सांगून करविलेल्या व्यक्तिचित्राची गोष्ट निराळी. तेथे वेगळा करार नसेल तर हा हक्क मोबदला देऊन चित्र करविणाऱ्याकडे जातो, तेव्हा अशा कामाच्या अटी कुंचला हाती घेण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात.