डिचोलीची ओळख

पाहुण्यांना गावाची ओळख करून द्या म्हटले, की आमच्या डिचोलीची हायस्कुलातली मुले मये तलाव, हरवळ्याचा धबधबा आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले नार्वेचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सांगून मोकळी होतात. शाळेबद्दल काय, तर निकाल आणि बक्षिसे. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. खाणींनी दिलेला पैसा आणि धूळ, २०१२च्या खाणबंदीत दारात उभे राहिलेले ट्रक, घरी कोंकणी, प्राथमिकला मराठी आणि पुढे इंग्रजी ही वर्गातली कसरत, यातले काहीच त्यात नसते. पर्यटनाचे पत्रक कोणीही वाचून दाखवील. मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगावे, आणि शिक्षकांनी ती वाक्ये खोडू नयेत, एवढेच मागणे.