बिल्टीवर आमचीही वेळ लिहा

प्रति,
खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याचे व्यापारी, जिनिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले आणि आम्ही माल उतरवतो त्या गावोगावचे गोदामवाले,



तुमचा माल मी वाहतो. रुईच्या गाठी, सोयाबीन, तूर, सरकीची ढेप. गाडीचा नंबर तुम्हाला तोंडपाठ असतो, माझं नाव मात्र कुणी विचारत नाही. 'ए ड्रायव्हर' एवढ्यावर भागतं. त्याचं दुःख जुनं आहे, ते आज उगाळत नाही. आज मला झोपेबद्दल बोलायचं आहे.

अपघात झाला की बातमीत एक ओळ ठरलेली असते: चालकाला डुलकी लागली असावी. आपल्या बुलढाणा जिल्ह्याने अपघाताच्या बातम्या फार वाचल्या. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि 25 माणसं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात वडनेर भोलजीजवळ रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर ट्रक गेला. मेळघाटातून पोटासाठी आलेली गरीब माणसं होती ती. तो रस्ता माझा रोजचा आहे. अजूनही तिथून जाताना पाय आपोआप ब्रेकवर जातो. चूक करणाऱ्या चालकाची बाजू मी घेणार नाही. पण डुलकी लागली एवढ्यावर तुमचा प्रश्न संपतो, आणि माझा तिथून सुरू होतो. चालकाची झोप जाते कुठे?

ती तुमच्या फाटकावर जाते. गाडी भरायला सकाळी बोलावता. नंबर लागतो दुपार कलल्यावर. एकेक गाठ 170 किलोची, हमाल तरी किती घाई करणार? त्यांचा दोष नाही. भरून झालं की रस्सा, ताडपत्री, वजनकाटा. बिल्टी हातात पडते तेव्हा रात्र झालेली असते आणि मी पहाटेपासून जागा असतो. त्याच वेळी फोन येतो, 'परवा सकाळी माल पोचलाच पाहिजे.' मी दिवसभर काय करत होतो, हे त्या फोनवर कुणी विचारत नाही.

पोचलो तर तिथे वेगळीच तऱ्हा. फाटकाबाहेर गाड्यांची रांग. 'आज खाली होणार नाही, उद्या बघू.' उद्याचा परवा होतो. तुम्हाला वाटतं, ड्रायव्हर निवांत पडला असेल. रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते, नाहीतर नंबर जातो. रात्री डोळा लागला तर टाकीतलं डिझेल जातं, आणि ते माझ्या पगारातून कापलं जातं. वैशाखात केबिनची भट्टी होते. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, चांगलंच झालं. पण आम्ही चालवतो त्या जुन्या गाड्यांचं काय? आत कंपाउंडात संडास असतो, नळ असतो. 'ड्रायव्हर लोकांना आत सोडत नाहीत,' असं वॉचमन सांगतो. लाखोंचा माल ज्याच्या भरवशावर सोडलात, त्याला तांब्याभर पाण्यासाठी बाहेर उभं करता. हे मला फार लागतं.

पैसा फेरीवर मिळतो. गाडी उभी असली तरी माझा खाण्याचा खर्च मात्र रोज होतच असतो. गाडी खोळंबल्याबद्दलचे, म्हणजे हॉल्टिंगचे, पैसे मिळाले तर मालकाला, तेही भांडून; माझ्या हातात काही येत नाही. मग गेलेले दोन दिवस भरून काढायला परतीचं भाडं रात्रीतून ओढायचं. तुमच्या गोदामाने खाल्लेले तास अशा तऱ्हेने माझ्या डोळ्यांतून वसूल होतात.

कायदा नव्हता असं नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास काम असं लिहिलं होतं. लांबच्या मार्गावर परवानगी घेऊन फार तर दहा तास. सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विसावा. पण ज्याच्याकडे पाच माणसंही कामाला नाहीत, अशा मालकाला तो आपोआप लागू होत नव्हता, आणि आपल्याकडचे कितीतरी मालक एक-दोन गाड्यांचे. त्यांच्या मागेही बँकेचा हप्ता असतो. म्हणून मी त्यांच्याआधी तुमच्याकडे आलो आहे.

रस्ते सुधारले, हे मनापासून मान्य करतो. 2022 च्या जूनमध्ये आपल्याच 53 क्रमांकाच्या महामार्गावर अमरावती ते अकोल्यादरम्यान 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तासांत झालं, जागतिक विक्रम नोंदला गेला. समृद्धी तर 701 किलोमीटरचा. एवढं करू शकणाऱ्या राज्यात भरलेली गाडी निर्धास्त लावून चार तास पाठ टेकायची जागा शोधत फिरावं लागतं. कडेला थांबलो तर मागून कुणी धडकेल ही भीती, वर दंड.

जानेवारी 2024 मध्ये, अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या कलमाविरुद्ध चालक थांबले, तेव्हा पेट्रोलपंपावर रांगा लागल्या आणि गावात आम्हाला शिव्या बसल्या. ड्रायव्हरांना माज आला, असं माझ्या दारासमोर बोललं गेलं. माझ्या लेकरांनी ते ऐकलं. ते कलम अजून लागू झालेलं नाही. पण अपघातानंतर जमाव काय करतो, हे ठाऊक असणाऱ्या माणसाची भीती त्या दिवशी कुणाला समजून घ्यावीशी वाटली नाही. 

माझं मागणं मोठं नाही. मी हाताळलेल्या बिल्टीवर मालाचं वजन असतं, नग असतात, भाडं असतं, तारीख असते. गाडी फाटकावर कधी आली आणि कधी सुटली, ही वेळ नसते. ती लिहा आणि खाली सही करा. मग कोण किती तास जागा होता, हे माझ्या तोंडी शब्दावर राहणार नाही. हॉल्टिंगमधला चालकाचा वाटा ठरवून त्याच्या हातात द्या. ठरलेल्या वेळेपेक्षा गाडी तुमच्याकडे उशिरा सुटली, तर पोचण्याची वेळही तेवढीच पुढे ढकला. आणि कंपाउंडातला संडास, नळ आमच्यासाठी उघडा. यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. येत्या कापसाच्या हंगामातली पहिली गाडी भराल, तेव्हापासून सुरुवात करा.

आपला,
एक ट्रकचालक
तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा