तंत्रकट्टा : ‘येतं’ आणि ‘आलंच पाहिजे’



वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भरला असेल, निदान चाळला तरी असेल. त्यात दोन रकाने असतात. एकात स्वतःबद्दल : गाणं येतं, स्वयंपाक येतो. दुसऱ्यात अपेक्षा : परदेशी राहायची तयारी हवीच. पहिल्या रकान्यावरून सहसा कुणी स्थळ मोडत नाही. दुसऱ्यापायी मात्र चांगली चांगली स्थळं परत जातात. इंटरनेटवरून लागणाऱ्या फोनचंही अगदी असंच आहे बरं का!

असे कॉल जुळवणाऱ्या एका प्रमुख नियमावलीचं नाव ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, थोडक्यात ‘सिप’. ती पहिल्यांदा १९९९ साली आली आणि जून २००२ मध्ये सुधारून निघाली. ऑफिसातले अनेक इंटरनेट फोन आणि मोबाइलचे फोर-जीवरचे कॉल तिच्यावरच चालतात. फोन लावायचा म्हणजे पलीकडे ‘इन्व्हाइट’ नावाचा निरोप धाडायचा. चक्क आमंत्रणच!

या आमंत्रणात ‘सपोर्टेड’ अशी ओळ असू शकते, म्हणजे ‘मला हे येतं’. दुसरी ओळ ‘रिक्वायर’, म्हणजे ‘तुला हे आलंच पाहिजे’. एक उदाहरण घेऊ. ‘घंटा वाजते आहे’ हा मधला निरोप वाटेत हरवू नये म्हणून त्याची पोच घ्यायची, अशी एक सोय आहे. तिचं नाव ‘१००रेल’. हे नाव पहिल्या ओळीत लिहिलं, तर पलीकडच्याला जमल्यास तो वापरतो, नाहीतर साधा कॉल लागतो. तेच दुसऱ्या ओळीत लिहिलं आणि पलीकडच्या जुन्या फोनला ते ठाऊक नसलं, तर घंटाच वाजत नाही. उत्तर येतं ‘४२०’! आपल्या जुन्या दंडविधानातल्या कलमाशी याचा संबंध नाही हं. सोबत ‘अनसपोर्टेड’ या ओळीत काय जमत नाही तेही कळवतात. शहाणा फोन ती अट गाळून पुन्हा आमंत्रण धाडतो.

फोन घेणाराही अडून बसू शकतो. ‘तुला अमुक येत नाही, मग बोलणं नाही’ याचा आकडा ४२१. पण नियमावलीच बजावते की अगदीच इलाज नसेल तर हे वापरा, एरवी साध्या रीतीनं बोलून घ्या. आणखी एक शहाणपणाची अट आहे : सक्ती करायची ती फक्त सर्वमान्य मानकांत नोंदलेल्या सोयींचीच. नाहीतर एखादी कंपनी स्वतःचंच काहीतरी काढून ‘आमचाच फोन घ्या’ म्हणायची! हे नियम ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ची शंभरावी बैठक नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सिंगापूरलाच भरली होती.

यंत्रांचं झालं, पण सरकारलाही हाच प्रश्न सोडवावा लागला. इथल्या ‘आयडीए’नं २००५ साली इंटरनेट फोनसाठी धोरण आखलं. नेहमीच्या ६ ने सुरू होणाऱ्या नंबरावर सेवा द्यायची, तर ९९५ आणि ९९९ ला फोन लागलाच पाहिजे. ३ ने सुरू होणाऱ्या नंबरांना ती सक्ती नाही, पण सोय नसेल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगायचं. म्हणजे एकीकडे ‘आलंच पाहिजे’ आणि दुसरीकडे ‘काय येतं ते आधी सांगा’.

तेव्हा मंडळी, गावाकडून आई-बाबा राहायला आले आणि दिवसभर घरी एकटे असले, तर घरचा फोन कुठल्या रकान्यातला आहे, हे कंपनीला जरूर विचारून घ्या. शिवाय वीज किंवा राउटर बंद पडला की इंटरनेट फोनही मुका होतो. म्हणून त्यांच्या हाताशी चार्ज केलेला मोबाइल असू द्या, आणि ९९५ हा आकडा मोठ्या अक्षरात फ्रिजवर लिहून ठेवा. गप्पांसाठी ‘जमलं तर’ चालतं. अँब्युलन्सला ‘लागलाच पाहिजे’!

असो. पुढच्या अंकी भेटूच.