पाणी कोणाच्या वाट्याचे?

आपल्या भाषेत पाण्यावरून जेवढे बोलले जाते तेवढे दुधातुपावरूनही नसेल. आपण एकमेकांना पाण्यात पाहतो, हक्कावर पाणी सोडतो, आणि कुणी फारच गोड बोलू लागला की कुठेतरी पाणी मुरते आहे हे ओळखतो. ही भाषा तहानलेल्या माणसांनीच घडवली असावी!

आमच्या हिंगोली जिल्ह्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. कळमनुरीच्या सीमेवर पैनगंगेचे इसापूर आहे. तरी कालव्यापासून दूर, माळावर राहणाऱ्याला उन्हाळा चुकत नाही. धरण सरकारला बांधता येते. अडवलेले पाणी वाटायची युक्ती मात्र माणसांनाच एकत्र बसून शोधावी लागते.

ती पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सापडली. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळात शेतकऱ्यांवर खडी फोडण्याची पाळी आलेली पाहून ते अस्वस्थ झाले. नायगावच्या देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली. पत्नी कल्पनाताईंसह तिथे बांध घातले, पाणी अडवले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान उभे राहिले, आणि पुढे पाणी पंचायतीचे नियम ठरले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी. कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. शेत केवढेही असो, मोजायची ती डोकी! ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी घालायचा. उरलेला भार शासनाचे अनुदान आणि प्रतिष्ठानची मदत यांनी उचलायचा. पैसा बाहेरचा आला, तरी पाणी सोडणारा पाटकरी मात्र सभासदांचाच. मदत कशी करावी याचा हा धडाच नव्हे काय?

सरकारनेही यातले काही घेतले. २००५ च्या कायद्याने कालव्याच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट मोकळी झाली. पाणी मोजून द्यायचे, वाटप संस्थेने करायचे. हे चांगलेच झाले. पण सभासदत्व जमिनीशी बांधले गेले, आणि गावाची युक्ती कायद्याच्या कागदावर उतरताना नेमका भूमिहीन गळाला. शासनाने, बँकांनी, आम्हा कॉलेजवाल्यांनीही लोकांच्या उपक्रमाला पैसा द्यावा, मोजमाप शिकवावे, कायद्याचा आधार द्यावा; पण त्यातला सर्वांत गैरसोयीचा नियम वगळू नये. बहुधा त्याच नियमात उपक्रमाचा जीव असतो.

शहरातल्या वाचकांना ही लांबची गोष्ट वाटेल. पण टँकर आला की सोसायटीच्या सभेत काय होते? बिल चौरस फुटांवर की माणसांवर, यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या वस्तीत आज पाणी आले की नाही, हा विषय मात्र सभेपुढे कधी येतच नाही.

विलासराव २००२ साली गेले. डोकी मोजताना कुणाकुणाची मोजायची, हा त्यांचा प्रश्न तेवढा आपल्या दारात उभा आहे. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे ऊन पाणी अंगावर घेताना त्याला निदान आत तरी बोलवावे!