पंधराचे तीन सेट, पण कशासाठी?

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडचं सोडाच, आता सिन्नर, निफाड, येवल्यातही जिम निघाल्यात आणि बायका तिथे जाऊ लागल्यात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आत डोकावलं तर चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच. पुरुषांच्या बाजूला लोखंडी प्लेटा, बायकांच्या बाजूला एक-दोन किलोची गुलाबी डंबेल्स. बाळंतपणानंतर वजन वाढलेली सून असो, शुगर निघालेल्या काकू असोत की निवृत्त शिक्षिका, सगळ्यांना हिशोब एकच : ‘मॅडम, पंधराचे तीन सेट मारा.’

मैत्रिणींनो, कशासाठी पंधरा, हे आपण कधी विचारतो का?

बरं, हीच बाई घरी भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवते. आतला गॅसच १४.२ किलो, टाकी धरून साधारण तीस किलोचा ऐवज! तिच्या हातात एक किलोचं डंबेल देऊन काय साधणार? पंधरा वेळा उचला नाही तर पन्नास वेळा, स्नायूला त्याची दखलच घ्यावी लागत नाही. आणि ज्याची दखल घ्यावी लागत नाही, त्यासाठी शरीर बळ कशाला वाढवेल?

‘तीन सेट’ ही पद्धत आली तरी कुठून? दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या अशक्त झालेल्या पायांना वजनं उचलायला लावत. सुरुवातीला ते सात-सात, दहा-दहा सेट करून घेत. मग लक्षात आलं की इतक्यांची गरज नाही, आणि १९४८ पर्यंत ते दहाच्या तीन सेटवर आले. पण त्यात एक मेख होती. जे वजन दहाच वेळा उचलता येईल, अकराव्यांदा नाहीच, ते शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण वजनाने. ताकद वाढली की वजनही वाढवायचं. आपल्याकडे आकडा तेवढा पोचला, मेख तिकडेच राहिली.

आकडा ठरतो तो उद्देशावरून. ताकद हवी असेल, म्हणजे जमिनीवरून हात न टेकता उठायचंय, धान्याचं पोतं हलवायचंय, तर वजन जड आणि एका सेटमध्ये तीन ते सहा वेळाच. मध्ये दोन-तीन मिनिटं निवांत बसायचं. (गप्पा मारायला हरकत नाही. ट्रेनरने डोळे वटारले तर वटारू द्या!) स्नायू भरायचे असतील तर सहा ते बारा. अर्थात अलीकडच्या अभ्यासांतून दिसलंय की हलक्या वजनाने वीस-तीस वेळा करूनही स्नायू वाढतो, मात्र शेवटी दमछाक झाली पाहिजे. दम टिकवायचा असेल तर पंधराच्या पुढे. आणि पोट कमी करायचं असेल तर? पोटाचे व्यायाम शंभर वेळा केल्याने फक्त पोटाचीच चरबी जाते, हा समज सोडून द्या. तसं होत नाही.

नव्याने सुरू करणारीला आठ ते बाराचे दोन सेट पुरेत. शेवटचे दोन जड जावेत, पण पाठ वाकू नये, एवढीच खूण. ठरवलेला आकडा दोन-तीन दिवस सहज जमला की वजन थोडं वाढवा.

इथे हमखास शंका येते, ‘जड उचललं तर पुरुषांसारखं दिसू ना?’ आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडकडे बघा. वर्षानुवर्षं पाणीटंचाईसाठी बातम्यांत येणारं हे रेल्वेचं गाव. तिथली आकांक्षा व्यवहारे २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या लिऑनला जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धेत गेली आणि रौप्यपदक घेऊन आली. गट ४० किलोचा आणि क्लीन अँड जर्कमध्ये डोक्यावर तोललेलं वजन ६८ किलो! त्याच वर्षी वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने ४५ किलो गटात जागतिक ज्युनियर सुवर्ण मिळवलं. या खेळातल्या मुली एका सेटमध्ये जड वजन एक ते पाच वेळाच उचलतात. ताकद वाढते ती नुसता स्नायू फुगून नव्हे, तर मेंदू आणि मज्जातंतू त्या स्नायूला अधिक चांगलं कामाला लावतात म्हणून. शिवाय पुरुषांइतकं टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगात नसतंच.

आपल्याला पदकं आणायची नाहीत, हे खरं. पण पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला की बाई अंथरुणाला खिळते, आणि तिची उस्तवार दुसऱ्या बाईच्याच गळ्यात पडते. हाडाला टिकायचं तर भार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितलेत. चालणं चांगलंच, पण ते याची जागा घेत नाही.

जिमची फी परवडत नसेल तर पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करा. ओट्याला हात टेकवून जोर काढा. बारा सहज जमले की पिशवीत दोन किलोची भर. उचलताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. रक्तदाब असेल, अंग खाली येत असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागची चार पानं यासाठी ठेवा : तारीख, व्यायाम, किती किलो, किती वेळा. महिनाभराने तेच आकडे दिसले, तर वही ट्रेनरसमोर ठेवा आणि वजन का वाढवलं नाही, ते विचारा.