विश्लेषण : ‘लेक व्ह्यू’साठी जादा पैसे, पण मे महिन्यात पाणी दिसणार का?

दोन बेडरूम, छोटे स्वयंपाकघर, बाल्कनी आणि समोर पाणी. लोणावळ्याजवळ पवना परिसरात किंवा मुळशीकडे सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबांना हॉटेलच्या मालकीचे असे अपार्टमेंट दोन वेगळ्या खोल्यांपेक्षा सोयीचे वाटते. लहान मुलांसाठी दूध तापवता येते, रात्री खिचडी टाकता येते, आजी-आजोबा एकटे पडत नाहीत. या सोयीचे पैसे मोजायला कोणाची हरकत नसावी. प्रश्न आहे तो ‘लेक व्ह्यू’ या दोन शब्दांसाठी घेतल्या जाणाऱ्या जादा पैशांचा.

हे तळे आहे की धरण?

‘पवना लेक’ म्हणजे पवना धरणाचा जलाशय. पिंपरी-चिंचवडची तहान तो भागवतो. मुळशीचे पाणी टाटांच्या भिरा येथील वीजनिर्मितीसाठी जाते. असे जलाशय पावसाळ्यात भरतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत वापरले जातात. म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत, दर चढे असतात तेव्हाच पाणी सर्वात कमी असते.

त्याचे गणित सोपे आहे. काठाचा उतार २० मीटरला १ मीटर असेल, तर पातळी ५ मीटर उतरल्यावर पाणी १०० मीटर मागे सरकते. जाहिरातीतला फोटो सप्टेंबरचा असेल, तर मे महिन्यात बाल्कनीसमोर भेगाळलेली माती दिसू शकते. यात धरणाचा दोष नाही. ते पर्यटकांसाठी बांधलेलेच नाही. दोष आहे तो महिना न सांगता फोटो दाखवणाऱ्याचा.

मालकी हॉटेलची असल्याने काय फरक पडतो?

बराच. अनेक ठिकाणी फ्लॅट एकाचा, देखभाल दुसऱ्याची आणि बुकिंग तिसऱ्याच्या ॲपवर असते. तक्रार केली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हॉटेलच मालक असेल तर ही पळवाट उरत नाही. कोणत्या मजल्यावरून पाणी दिसते आणि कुठे झाडे किंवा समोरची इमारत आड येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच त्याच्याकडून जास्त स्पष्टतेची अपेक्षा रास्त आहे.

जादा ५०० रुपये प्रत्यक्षात किती पडतात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. समजा, साध्या अपार्टमेंटचे भाडे ७,४०० रुपये आहे. करासह ते ७,७७० रुपये होते. ‘लेक व्ह्यू’चे ५०० रुपये वाढले की भाडे ७,९०० रुपये होते आणि संपूर्ण रकमेवर १८ टक्के कर लागून बिल ९,३२२ रुपयांवर जाते. नजाऱ्याचे ५०० रुपये खिशाला १,५५२ रुपयांना पडतात. त्यामुळे करासह एकूण रक्कम विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार नोंदवले आहेत. सुरुवातीला किंमत कमी दाखवून शेवटच्या टप्प्यावर शुल्क वाढवणे आणि एक दाखवून दुसरेच देणे हे दोन्ही त्यात येतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. तोडगा न निघाल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते; हॉटेलच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कही नाही.

मग बुकिंग करताना काय करावे?

व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न लेखी विचारावेत. पाणी बेडरूममधून दिसते, बाल्कनीतून की फक्त गच्चीवरून? आम्ही येणार त्या महिन्यातला फोटो आहे का? पाणी दिसले नाही तर जादा रक्कम परत मिळेल का? उत्तरे आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. वर्तमानपत्रांत येणारा धरणसाठ्याचा तक्ताही एकदा पाहावा. मागच्या वर्षी याच आठवड्यात साठा किती टक्के होता, यावरून अंदाज येतो.

मात्र सगळी जबाबदारी ग्राहकावर टाकणे योग्य नाही. हॉटेलांनी फोटोखाली महिना आणि वर्ष छापावे, ‘लेक व्ह्यू’ची रक्कम बिलात वेगळी दाखवावी आणि उन्हाळ्यात पाणी आटले की ती घेऊ नये. ज्याच्या बाल्कनीतून पाणी खरोखर दिसते, त्या हॉटेलाला यात तोटा नाही. धरणाची पातळी सरकार रोज जाहीर करते. ती हॉटेलच्या पानावर टाकायला खर्च येत नाही.